निळा शार्क महासागर ओलांडतो म्हणजे नेमकं काय करतो?

माण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी काही प्रश्न पाठवले आहेत. वर्गात मायणीच्या तलावावर येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांचा विषय चालला होता, तेव्हा एका मुलीनं विचारलं, मासेही इतके लांब जातात का? सरांनी निळ्या शार्कचं नाव सांगितलं आणि पुढे प्रश्नांची रांगच लागली. हा मासा महासागर ओलांडून का जातो? त्याला वाट कशी समजते? माणसांना त्याचा प्रवास कळतो कसा? आपल्या बाजारात मिळणारी मोरी म्हणजे हाच मासा का? त्याला धोका आहे का? आणि माणदेशातल्या मुलांना या कामात शिरता येईल का? मत्स्यसर्वेक्षणाच्या जहाजांवर आणि बंदरांवर मासे मोजण्यात माझी नोकरी गेली. आता सांगलीत राहतो. उत्तर लांबलं तरी चालेल असं सरांनीच लिहिलंय, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

सर, आधी बाजारातली मोरी घेऊ, कारण तुमच्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला शार्क तोच. ती निळा शार्क नव्हे. सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं बहुतेक पाणी कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातं, समुद्राचे मासे मात्र पश्चिमेकडून येतात. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर-सांगलीला, चिपळूणच्या बाजूनं कुंभार्ली घाटातून कराड-साताऱ्याला. बर्फाच्या क्रेटमध्ये मोरी म्हणून जे येतं त्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्या लहान जातीच जास्त. सगळ्यांत ओळखीची ती चपट्या, पसरट नाकाची. शास्त्रात तिला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस म्हणतात. पूर्ण वाढली तरी ती पाऊण मीटरच्या आसपास थांबते. किनाऱ्यालगतच्या गढूळ, उथळ पाण्यात कोळंबी आणि बारीक मासे खाऊन तिचं आयुष्य जातं. तिला महासागराशी काही देणंघेणं नाही.

मोरी शिळी झाली की अमोनियाचा वास मारते, हे घरोघरी माहीत आहे. त्यामागचं कारण वर्गात सांगण्यासारखं आहे. समुद्राचं पाणी इतर माशांच्या रक्तापेक्षा खारट असतं, त्यामुळे त्यांच्या शरीरातलं पाणी सारखं बाहेर जात राहतं आणि त्यांना समुद्राचं पाणी पिऊन मीठ बाहेर टाकावं लागतं. शार्कनं वेगळा मार्ग धरला. आपण जो युरिया लघवीतून टाकून देतो तो शार्क रक्तात आणि मांसात साठवून ठेवतो. त्यानं शरीरातलं द्रावण समुद्राइतकंच, किंबहुना किंचित जास्त, दाट राहतं आणि पाणी बाहेर ओढलं जात नाही. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात घातलेल्या मोरीला वास कमी येतो तो यामुळेच. मोठ्या शार्कच्या मांसाबद्दल एक सूचना इथेच देऊन ठेवतो. मोठे शिकारी मासे वर्षानुवर्षं लहान मासे खातात आणि त्यांच्या अंगात पारा साठत जातो. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी मोठ्या शार्कचं मांस खाऊ नये.

आता निळा शार्क. प्रिओनेस ग्लॉका हे त्याचं शास्त्रीय नाव. लिनिअसनं १७५८ मध्येच त्याची नोंद केली होती. या प्रजातीत ही एकच जात आहे. पाठ गडद निळी, कुशी उजळ निळ्या, पोट पांढरं. वरून पाहणाऱ्याला तो खालच्या अंधाऱ्या पाण्यात मिसळतो, खालून पाहणाऱ्याला वरच्या उजेडात. मेल्यावर हा रंग टिकत नाही, राखाडी पडतो. बंदरावर नवशिक्या माणसाचा गोंधळ इथेच होतो, कारण पुस्तकातला निळा मासा समोरच्या मेलेल्या माशाशी जुळत नाही. आम्ही रंग पाहतच नाही. छातीचे पर पाहतो : लांब, अरुंद, कोयत्यासारखे वळलेले. मग पाठीवरचा पहिला पर : तो छातीच्या परांपासून बराच मागे, पोटाखालच्या परांच्या जवळ असतो. निमुळतं लांब नाक आणि मोठे डोळे दिसले की शंका उरत नाही. अंगानं सडपातळ. दोन-तीन मीटरचे नेहमी सापडतात, खात्रीची मोठ्यांत मोठी लांबी ३.८ मीटरच्या आसपास आहे. माणसाच्या वाटेला तो फारसा जात नाही. त्याच्या हल्ल्याच्या जगभरच्या नोंदी मोजक्याच आहेत, त्यामुळे तो विषय इथेच सोडतो.

हा मासा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सहसा का दिसत नाही, याचं उत्तर पाण्याच्या तापमानात आहे. त्याला गारवा लागतो. थंड प्रदेशांत तो पाण्याच्या अगदी वरच्या थरात, परांची टोकं पाण्याबाहेर काढून सावकाश पोहताना दिसतो. उष्ण कटिबंधात वरचं पाणी त्याला गरम पडतं, म्हणून तो खाली उतरतो. हिंदी महासागराच्या उष्ण भागात तो जास्त करून ८० ते २२० मीटर खोलीवर, १२ ते २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सापडतो. रत्नागिरीसमोर इतकं खोल पाणी गाठायला किनाऱ्यापासून खूप आत जावं लागतं. आपल्या बहुतेक ट्रॉलरांची जाळी तिथवर पोचत नाहीत. हा मासा पकडतात ती टुना पकडणारी लाँगलाईनची, म्हणजे लांबच लांब दोराला गळ लावून मासेमारी करणारी, जहाजं.

अरबी समुद्राची आणखी एक गोष्ट या माशाच्या संदर्भात महत्त्वाची आहे. साधारण शंभर-दीडशे मीटरखाली गेलं की इथल्या पाण्यात प्राणवायू फार कमी होतो आणि तो थर शेकडो मीटर जाडीचा आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी हा एक. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये असाच थर आहे. तिथे निळ्या शार्कना उपकरणं लावून पाहिलं तेव्हा दिसलं, की अशा पाण्यावर आले की ते एरवीइतके खोल जात नाहीत, वरच्या भागातच राहतात. आणि गळ नेमके वरच्या भागातच असतात. समुद्र तापत चालला आहे आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे या माशाची राहण्याची जागा खालून वर दाबली जाते आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. हा मासा का जातो? स्थलांतर म्हटलं की नकाशावर एक रेघ आणि तिच्या टोकाला बाण, असं चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. निळ्या शार्कच्या बाबतीत ते चित्र फसवं आहे. माणमधले तुमचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात तेव्हा अख्खा वाडा सोबत असतो. बाया, पोरं, कोकरं, घोडी, कुत्री, सगळे एकाच वाटेनं जातात आणि पावसाच्या तोंडावर एकत्रच परततात. निळा शार्क असा वाड्यानं जात नाही. नर एका पाण्यात, वयात आलेल्या माद्या दुसऱ्या पाण्यात, गाभण माद्या तिसऱ्या आणि पिल्लं चौथ्याच. सगळा महासागर त्यांनी वयाप्रमाणे आणि नर-मादीप्रमाणे वाटून घेतलेला आहे. एक मासा आयुष्यभर हलत राहतो तो या वाटणीतल्या एका भागातून दुसऱ्या भागात.

उत्तर अटलांटिकचं उदाहरण सर्वांत नीट अभ्यासलेलं आहे. उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यासमोर नर आणि वयात येणाऱ्या माद्या जमतात. मिलनाच्या वेळी नर मादीला चावतो. तिच्या पाठीवर आणि परांच्या मुळाशी दातांचे अर्धगोल व्रण उठतात. मादीची कातडी नराच्या दुपटीहून जाड असते ती याचमुळे. व्रण ताजा की जुना, यावरून जहाजावरचा जाणता माणूस ती मादी कोणत्या टप्प्यात आहे याचा अंदाज बांधतो. मिलन झालं म्हणजे लगेच गर्भ राहिला असं नव्हे. मादी शुक्राणू महिनोन्‌महिने शरीरात जपून ठेवू शकते आणि फलन पुढे होतं. मग नऊ ते बारा महिने गर्भारपण. दरम्यान ती आखाती प्रवाहाच्या (गल्फ स्ट्रीमच्या) साथीनं पूर्वेकडे जाते. अझोर्स बेटांच्या आसपासच्या आणि स्पेन-पोर्तुगालसमोरच्या पाण्यात पिल्लं आणि कोवळे शार्क मोठ्या संख्येनं सापडतात. परतीचा प्रवास दक्षिणेकडून, पश्चिमेला वाहणाऱ्या प्रवाहांबरोबर. महासागराचं पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं, आणि ढोबळमानानं मासाही तसाच फिरतो.

प्रशांत महासागराच्या उत्तर भागात वाटणी दक्षिणोत्तर आहे. मिलन २० ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात होतं, पिल्लं ३५ ते ४५ अंशांत जन्मतात. मोठी होऊ लागली की कोवळ्या माद्या आणखी उत्तरेकडच्या थंड पाण्यात सरकतात आणि कोवळे नर दक्षिणेकडे. हिंदी महासागरात लहान शार्क जास्त करून दक्षिणेच्या थंड पाण्यात, मोठे विषुववृत्ताच्या बाजूला.

अशी वाटणी का? मला यात तीन कारणं एकत्र गुंतलेली दिसतात. पिल्लांना मोठ्या शार्कपासूनच धोका असतो, तेव्हा त्यांचं वेगळं राहणं त्यांच्या जिवासाठी बरं. चावणाऱ्या नरांपासून लांब राहिलं तर गाभण मादीची ताकद वाचते. आणि गर्भ वाढायला ऊब लागते, तर पिल्लांना वाढायला भरपूर अन्न असलेलं पाणी लागतं. या दोन गरजा एका जागी क्वचितच भागतात. एका वेताला २५ ते ५० पिल्लं सर्रास होतात, एकदा तर १३५ मोजली गेली आहेत. जन्मताना पिल्लू ३५ ते ५० सेंटिमीटरचं असतं. आई त्याला पाजत नाही, राखत नाही. योग्य पाण्यात सोडणं एवढीच तिची त्यांच्यासाठीची कामगिरी, आणि त्यासाठी ती अर्धा महासागर पार करते.

अन्नामागं जाणं हाही प्रवासाचा मोठा भाग आहे. निळा शार्क मुख्यतः माकूळ म्हणजे स्क्विड आणि छोटे मासे खातो. त्याच्या कल्ल्यांजवळ बारीक उंचवटे असतात, त्यामुळे लहानसं भक्ष्यही कल्ल्यांवाटे निसटत नाही. स्क्विड दिवसा खोल अंधारात असतात, रात्री वर येतात. त्यांच्या मागे निळा शार्क दिवसभर खाली-वर करतो, कधी कधी हजार मीटरच्याही खाली जातो. पण तो थंड रक्ताचा आहे. तळाच्या गारठ्यात अंग गार पडलं की त्याला वर येऊन ऊब घ्यावी लागते. आखाती प्रवाहातून सुटलेले कोमट पाण्याचे शेकडो किलोमीटर रुंदीचे भोवरे समुद्रात फिरत असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की निळे शार्क अशा भोवऱ्यांत मुद्दाम राहतात. तिथे ऊब खोलवर पोचलेली असते, म्हणून खाली जास्त वेळ शिकार करता येते. वरून सपाट निळी दिसणारी जागा त्यांच्या लेखी अशी डोंगर-दऱ्यांनी भरलेली आहे.

वाट कशी समजते? अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेच्या फ्रँक कॅरी यांनी निळ्या शार्कना ध्वनी सोडणारी उपकरणं लावून होडीतून त्यांचा पाठलाग केला होता. १९९० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यानं प्रसिद्ध केलेल्या नोंदींत हे शार्क दिवस-रात्र, कित्येक दिवस, एका दिशेनं सरळ पोहताना दिसतात. रात्री सूर्य नाही, खाली तळ दिसत नाही, किनारा शेकडो किलोमीटर दूर. तरी दिशा ढळत नाही.

शार्कच्या थोबाडावर बारीक बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रातून जेलीसारख्या द्रवानं भरलेली नळी आत जाते. इटलीच्या स्टेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लोरेन्झिनीच्या कुप्या म्हणतात. त्या विजेचे अत्यंत क्षीण दाब ओळखतात, अगदी वाळूत दडलेल्या माशाच्या हृदयाच्या ठोक्यांतून उठणारेसुद्धा. दहावीच्या मुलांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवता तेव्हा हे उदाहरण जरूर द्या : चुंबकीय क्षेत्रातून वाहक हलला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. इथे खारं पाणी आणि शार्कचं शरीर हा वाहक, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे आहेच. पोहण्याची दिशा बदलली की दाब बदलतो. २०२१ मध्ये हॅमरहेडच्या कुळातल्या एका लहान शार्कवर टाकीत प्रयोग झाला. टाकीभोवती तारांची वेटोळी लावून, ते जिथून पकडले होते त्या जागेच्या ६०० किलोमीटर दक्षिणेला असतं तसं चुंबकीय क्षेत्र तयार केलं. शार्क उत्तरेकडे, म्हणजे घराकडे, पोहू लागले. हा प्रयोग निळ्या शार्कवर झालेला नाही. पण महासागरातल्या शार्कजवळ असाच नकाशा असावा, असं मानायला मला तो पुरेसा वाटतो.

माणसांना हे कळलं ते चिकाटीनं. अमेरिकेत १९६२ मध्ये हौशी गळकऱ्यांना सोबत घेऊन शार्कना खुणा लावण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पकडलेल्या शार्कच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी पोलादी टोकाची एक बारीक कुपी टोचायची आणि त्याला सोडून द्यायचं. कुपीत अनेक भाषांत लिहिलेली चिठ्ठी असते : हा मासा कुठे, कधी सापडला ते कळवा, त्याची लांबी कळवा. १९९३ पर्यंत अशा एक लाखाहून जास्त शार्कना खुणा लावून झाल्या होत्या आणि त्यांत सर्वांत जास्त निळे होते. त्यांतला एक सोडल्या ठिकाणापासून ३,७४० सागरी मैलांवर सापडला, म्हणजे जवळपास ७,००० किलोमीटर. यातलं सगळं काम कुणातरी परक्या देशातल्या खलाशानं ती कुपी उघडून पत्र टाकण्यावर उभं होतं. मला या शास्त्रातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो.

आता उपग्रहाची उपकरणं आली. एक प्रकार पाठीच्या परावर बसवतात. पर पाण्याबाहेर आला की ते जागा कळवतं. निळा शार्क वर बराच येतो, म्हणून त्याच्यासाठी ते उपयोगी. दुसरं उपकरण शार्कसोबत फिरत खोली, तापमान आणि उजेड नोंदवतं, ठरलेल्या दिवशी त्याची पिन गंजून सुटते, ते वर तरंगतं आणि साठवलेली माहिती उपग्रहाला पाठवतं. पाण्याखाली जीपीएस चालत नाही. मग जागा कशी काढायची? उजेडावरून. सूर्योदय ते सूर्यास्त किती वेळ गेला यावरून अक्षांश निघतो, आणि त्या दोहोंच्या मध्याची वेळ, म्हणजे तिथली मध्यान्ह, कधी झाली यावरून रेखांश. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास सगळीकडे दिवस सारखाच असतो, तेव्हा अक्षांशाचा हिशोब बिघडतो.

सर, हे तुम्ही शाळेच्या अंगणात करून दाखवू शकता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरळ काठी जमिनीत रोवा आणि बारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगा. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडणार नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे, माणदेश ७४.५ अंशांच्या आसपास आहे. आठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं उशीर. साडेबाराच्या जरा पुढे सावली सर्वांत आखूड झाली, की मुलांनी आपला रेखांश स्वतः काढला. डिसेंबरअखेरीस सुचवतो कारण वर्षात इतर वेळी सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या पंधराएक मिनिटांपर्यंत मागेपुढे होते, तेव्हा मात्र तो फरक जवळजवळ नसतो.

धोक्याबद्दल मला जास्त सविस्तर बोलायचं आहे. लाँगलाईन म्हणजे कित्येक किलोमीटर लांब दोर, त्याला ठरावीक अंतरावर बोये, आणि दोन बोयांच्या मध्ये लोंबणारे गळ. मोठ्या जहाजाच्या एका फेकीत हजारांनी गळ असतात. ते टाकतात टुना आणि तलवार माशासाठी, पण त्याच पाण्यात निळा शार्क फिरतो. जगभरात लाँगलाईनला सर्वांत जास्त लागणारा शार्क हाच. पूर्वी बरेच लोक पर कापून धड समुद्रात फेकत. आता मांसालाही बाजार आहे आणि काही ताफे, विशेषतः स्पेनचा, त्याच्यावरच पोट भरतात. जगभरची नोंदलेली पकड वर्षाला एक लाख टनांच्या वर गेलेली आहे. २०१९ मध्ये उपग्रहानं पाहिलेल्या शार्कच्या आणि मासेमारी जहाजांच्या वाटा एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तेव्हा उत्तर अटलांटिकमध्ये निळे शार्क वावरतात त्यातली ७६ टक्के जागा लाँगलाईनच्या जागेशी जुळली. २०२१ चा दुसरा अभ्यास सांगतो, की १९७० पासून महासागरातल्या शार्क आणि पाकटांची (शार्कच्या नात्यातल्या चपट्या माशांची) संख्या ७१ टक्क्यांनी घटली.

या घसरणीत निळा शार्क इतरांपेक्षा बरा टिकला, कारण तो पाच-सहा वर्षांत वयात येतो आणि पुष्कळ पिल्लं देतो. माको शार्कची मादी वयात यायलाच अठरा-वीस वर्षं लागतात. लांब शेपटीच्या थ्रेशरला एका वेताला दोन-चार पिल्लं होतात. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत निळा शार्क 'संकटसमीप' आहे, भूमध्य समुद्रातला मात्र 'अतिसंकटग्रस्त'. 'भरपूर आहे, भरपूर वितो, चालू द्या' असं बोलणारे लोक मी बंदरांवर खूप ऐकले. मला ते मान्य नाही, आणि कारण वर सांगितलेली वाटणी हेच आहे. गळ पिल्लांच्या पाण्यात पडले तर पिढीच उचलली जाते. गाभण माद्यांच्या पाण्यात पडले तर एका मादीमागे तीस-चाळीस पिल्लं जातात. वजनाच्या आकड्यात दोन्ही सारखंच दिसतं : दहा टन म्हणजे दहा टन. म्हणून मी हाताखालच्या मुलांना सांगत आलो, की वजन मागाहून लिहा, आधी जात, मग नर की मादी, मग लांबी.

आणि हा मासा एका देशाचा नाही. जन्म एका देशाच्या पाण्यात, वाढ कुणाचंच नसलेल्या खुल्या समुद्रात, मिलन तिसऱ्याच किनाऱ्यासमोर. एकट्या देशाचा कायदा त्याला पुरत नाही. २०१७ मध्ये स्थलांतरित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आलं. २०१९ मध्ये अटलांटिकमधल्या टुना मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं प्रथमच निळ्या शार्कच्या पकडीवर मर्यादा घातली, उत्तर भागासाठी वर्षाला ३९,१०२ टन. २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत त्याच्या सगळ्या कुळालाच वन्यजीव-व्यापाराच्या करारात घेतलं गेलं, आणि आता त्याचे पर किंवा मांस सीमेपलीकडे पाठवायचं तर ती पकड जातीला घातक नाही असा दाखला लागतो. स्थलांतरित प्राण्यांच्या कराराची २०२० ची परिषद आपल्याकडे गांधीनगरला झाली. खुल्या समुद्रातल्या पांढऱ्या टोकांच्या शार्कला तिथे पहिल्या परिशिष्टाचं, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण मिळालं.

भारतात २०१३ पासून शार्क पर न कापता, अखंड धडासह किनाऱ्यावर आणावा लागतो, आणि २०१५ पासून परांच्या निर्यातीवर बंदी आहे. पहिल्या नियमाचं महत्त्व मोजणी करणाऱ्याला लगेच कळतं. पर आणि डोकं नसलेल्या धडावरून जात ओळखणं फार कठीण. अखंड मासा समोर आला तर जात, नर-मादी, लांबी, सगळं लिहिता येतं. आपल्या राज्यात जाळ्यात आलेला बहिरी म्हणजे व्हेल शार्क किंवा कासव यांसारखा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना २०१८ च्या अखेरीस आली. नियम मोडणाऱ्याला दंड आणि पाळणाऱ्याचं नुकसान भरून देणं, दोन्ही एकत्र असलं तरच बंदरावर टिकतं, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या मुलांनी काय करावं? म्हसवड, दहिवडी, सातारा, जिथे मोरी मिळते तिथल्या विक्रेत्याला विनंती करून एक अख्खी मोरी वर्गात आणा. डोक्याच्या बाजूला पाच फटी मोजायला सांगा, इतर माशांसारखं झाकण नाही हे दाखवा. कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत लागेल, कारण कातडीवर दातांच्याच घडणीचे सूक्ष्म खवले आहेत. पोटाखालच्या परांना जोडून दोन दांड्या असतील तर नर, नसतील तर मादी. पोट फाडल्यावर मोठं, तेलकट यकृत दिसेल. शार्कला हवेची पिशवी नसते, त्याला तरंगायला हे तेल मदत करतं. मग लांबी मोजून वहीत लिहा : तारीख, कुठून आली, जात, नर की मादी, लांबी. वर्षभर महिन्यातून एकदा हे केलं तर शाळेपाशी खरी नोंदवही तयार होईल.

शिकण्याचा रस्ता सरळ आहे. बारावीला विज्ञान आणि जीवशास्त्र घेऊन प्रवेश परीक्षा द्यायची. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळते. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. खोल समुद्राच्या सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचं मुख्यालयही मुंबईतच. प्राणिशास्त्रात पदवी घेऊनही इकडे येता येतं. समुद्र न पाहिलेलं मूल मागे पडेल ही भीती मनातून काढा. जहाज लागणं सगळ्यांनाच सोसावं लागतं, कोकणातल्यांनाही, आणि पहिल्या आठवड्यात ते जातं. पोहता मात्र यायला हवं, ते विहिरीत शिकलेलं असलं तरी चालतं. आणि आकडे नीट लिहायची सवय हवी, पावसात, हलत्या फळीवर उभं राहून, ओल्या हातांनीसुद्धा. ज्या मुलीनं प्रश्न विचारला तिला मोरीची पहिली नोंद लिहायला द्या.